घरची एस्प्रेसो दळणावर ठरते

घरी एस्प्रेसो करायची ठरली की खर्चाचा मोठा वाटा यंत्राला जातो. माझा आग्रह असा की आधी चांगला ग्राइंडर घ्यावा. एस्प्रेसोत ९० ते ९६ अंश सेल्सिअसचं पाणी साधारण ९ बार दाबाने कॉफीच्या थरातून अर्ध्या मिनिटात पार होतं. तेवढ्या वेळात चव किती उतरेल, हे थर पाण्याला किती अडवतो यावर अवलंबून असतं. मिक्सरच्या पात्यांखाली काही दाण्यांचं पीठ होतं, काहींचा रवा राहतो. पिठातून कडवटपणा उतरतो आणि रव्यातून आंबटपणा. बर ग्राइंडरमध्ये दातेरी चकत्यांमधलं अंतर आपण ठरवतो, म्हणून दळण एकसारखं येतं.

मी काट्यावर १८ ग्रॅम बिया मोजते, कारण माझ्या यंत्राच्या बास्केटमध्ये, म्हणजे पूड भरायच्या चाळणीत, तेवढ्याच नीट मावतात. दळलेल्या पुडीतल्या गुठळ्या बारीक सुईने मोडते, पूड सगळीकडे सारखी पसरते आणि टॅम्पर, म्हणजे पूड दाबायचा ठोकळा, सरळ धरून दाबते. जोर किती लावला यापेक्षा थर सपाट बसणं महत्त्वाचं. तो एका बाजूला कललेला किंवा कुठे विरळ राहिला, की पाणी तिथूनच वाट काढतं. मग एकाच कपात आंबट आणि कडू अशा दोन्ही चवी येतात.

कप काट्यावर ठेवून बटण दाबलं की काही सेकंद काहीच दिसत नाही. मग काळसर, दाट थेंब येतात, त्यांची धार होते आणि ती हळूहळू तांबूस, पुढे फिकट पिवळी होत जाते. कपात ३६ ग्रॅम कॉफी आली की मी यंत्र थांबवते. वर जमणारा क्रेमा म्हणजे भाजताना बियांत साठलेल्या कार्बन डायऑक्साइडचा आणि कॉफीतल्या तेलांचा फेस. मिलानच्या आकिले गाज्जिया यांच्या लिव्हर यंत्राने १९४०च्या दशकात दाब वाढवला, तेव्हा तो कपात दिसू लागला. त्याआधीच्या वाफेच्या यंत्रांना एवढा दाब साधत नव्हता.

आता चव घ्यायची. १५ सेकंदांत कप भरला आणि कॉफी आंबट, पाणचट लागली, तर दळण बारीक करावं. ४५ सेकंद लागले आणि घशाशी कोरडा कडवटपणा राहिला, तर जाड करावं. बियांचं आणि कपातल्या कॉफीचं वजन मात्र तेच ठेवावं. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशामुळे पडला ते कळत नाही. बहुतेक चांगले कप २५ ते ३० सेकंदांत होतात, पण ३३ सेकंदांचा कप गोडसर लागला तर त्याला हात लावू नये.

स्वस्त यंत्रांसोबत बहुधा दुहेरी तळाचं बास्केट येतं. ते एका बारीक छिद्रातून कॉफी ढकलून फेस काढतं आणि दळणातली उणीव झाकून टाकतं. शिकायचं असेल तर एकेरी तळाचं घ्यावं. बिया घेताना पाकिटावर भाजल्याची तारीख पाहावी. चिकमगळूरच्या बिया भाजणारे अनेक जण आता ती छापतात. भाजल्यावर आठवडाभर थांबून महिन्याभरात संपवाव्यात. पिशवी जुनी होत जाईल तसं दळण थोडं बारीक करावं लागतं, आणि नवी पिशवी आली की दळण पुन्हा नव्याने चाखून ठरवावं लागतं.