दोन पार्टटाइम
(परदेशी शिकताना : लेखांक ७)

नाशिकच्या एका वाचकांचा मेल आला आहे. त्यांच्या मुलीला कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात, एका कॉलेजात दोन वर्षांच्या डिप्लोमाला प्रवेश मिळाला आहे. ते लिहितात, ‘कन्सल्टंट म्हणतो, पहिल्या टर्मला पाचऐवजी दोनच विषय घ्या. पार्टटाइम शिकलं की नोकरीला भरपूर वेळ मिळतो, परमिटला काही धक्का लागत नाही. हे खरं आहे का?’

परमिटबद्दलचं वाक्य बऱ्याच अंशी खरं आहे. नोकरीबद्दलचं साफ खोटं. आणि खऱ्याच्या आधाराने खोटं विकलं जातं तेव्हा ते चटकन पचतं, म्हणून आजचा लेखांक या एकाच शब्दासाठी.

आपल्याकडे ‘पार्टटाइम’ म्हटलं की डोळ्यांपुढे नोकरी येते. ‘मुलगा तिकडे पार्टटाइम करतो’ याचा अर्थ तो संध्याकाळी कुठे तरी कॉफीच्या काउंटरवर किंवा गोदामात उभा असतो, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. अभ्यासाला हा शब्द आपण फारसा लावत नाही. कॅनडाच्या नियमांत मात्र दोन्ही पार्टटाइम आहेत आणि ते एकमेकांच्या मुळावर आहेत. पार्टटाइम नोकरी ही तिथे फुलटाइम विद्यार्थ्याला दिलेली सवलत आहे. ज्याने अभ्यास पार्टटाइम केला, त्याची नोकरी गेली.

आता परमिटाकडे. स्टडी परमिट लागतं की नाही, हे ठरवताना तिथला कायदा आठवड्याला किती तास शिकता हे विचारत नाही, एकूण किती महिने शिकणार हे विचारतो. कोर्स सहा महिन्यांचा किंवा त्याहून कमी असेल आणि देशात राहण्याच्या मिळालेल्या मुदतीत पुरा होणार असेल, तर परमिट लागत नाही. त्यामुळे गंमत अशी होते, की रोज सकाळी नऊ ते चार चालणारा चार महिन्यांचा भाषेचा वर्ग पर्यटक म्हणून गेलेला माणूसही करू शकतो. आणि आठवड्यात दोन संध्याकाळी भरणाऱ्या, पण दहा महिने चालणाऱ्या अकाउंटिंगच्या कोर्साला परमिट हवं.

परमिटासाठी काय लागतं ते मागच्या लेखांकांत आलंच आहे, म्हणून भरभर सांगतो. सरकारमान्य यादीतल्या संस्थेचं (तिकडच्या भाषेत डीएलआय) प्रवेशपत्र. जानेवारी २०२४ पासून बहुतेकांना प्रांताचं संमतिपत्र, म्हणजे ‘पाल’. पैशाची ऐपत. आणि शिक्षणाची मुदत संपली की हा माणूस देश सोडेल, अशी अधिकाऱ्याची खात्री. या यादीत ‘अभ्यासक्रम पूर्णवेळच हवा’ असं कलम नाही. परमिट मिळाल्यावरची अटही तशीच. १ जून २०१४ पासून परमिटधारकाने मान्य संस्थेत नाव ठेवलं पाहिजे आणि अभ्यास खरोखर पुढे नेला पाहिजे, असा नियम आहे. दर सत्रात फुलटाइम किंवा पार्टटाइम नाव नोंदलेलं असावं, असं इमिग्रेशन खात्याच्या खुलाशातच म्हटलं आहे. कन्सल्टंटच्या वाक्यातला खरा भाग तो एवढाच.

पण कलम नाही म्हणून दार उघडं आहे, असं समजू नका. पार्टटाइम कोर्सचं प्रवेशपत्र घेऊन नागपूरहून अर्ज केला, की अधिकाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो : आठवड्याला सहा तासांच्या वर्गासाठी हा माणूस सातासमुद्रापार का येतोय? उरलेला वेळ कशात घालवणार? अर्जदार खरा विद्यार्थी आहे का, हे ठरवणं त्याच्या हातात आहे, आणि या प्रश्नाला पटेल असं उत्तर अर्जात नसेल तर नकार येतो. पैशाचा आकडाही पार्टटाइम म्हणून खाली येत नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून क्युबेकबाहेर एकट्या माणसाने वर्षभराच्या राहण्याखाण्यासाठी २२,८९५ कॅनेडियन डॉलर दाखवायचे असतात, फी आणि प्रवास वेगळा. २०२३ संपेपर्यंत हाच आकडा १०,००० होता. शिवाय दोन वर्षांचा कोर्स पार्टटाइमने चार वर्षं लांबला, तर घरभाडं चार वर्षांचं भरावं लागतं. हे गणित कन्सल्टंटच्या टेबलावर कुणी मांडत नाही.

आता नोकरी. परमिटावर शिकणाऱ्या विद्यार्थ्याला वेगळं वर्क परमिट न काढता कॉलेजबाहेर काम करता येतं; टर्म चालू असताना आठवड्याला २४ तास. ही मर्यादा ८ नोव्हेंबर २०२४ पासूनची. त्याआधी ती २० तासांची होती, आणि मध्ये नोव्हेंबर २०२२ ते एप्रिल २०२४ एवढा काळ उठवलेलीच होती. (‘तिकडे पाहिजे तेवढं काम करता येतं’ ही आपल्याकडची समजूत त्या दीड वर्षातली. नियम बदलून गेला, समजूत राहिली.) पण या २४ तासांचं दार फुलटाइम विद्यार्थ्यालाच उघडतं. कॉलेजच्या आवारातल्या कामालाही, म्हणजे लायब्ररी किंवा कँटीनमधल्या नोकरीलाही, तीच अट. पाच विषय घेतलेल्याला २४ तास. दोन घेतलेल्याला अर्धे नव्हे, शून्य. तरीही काम केलं तर ते विनापरवाना काम. आणि विनापरवाना काम केलेल्याला सर्वसाधारणपणे ते थांबवून सहा महिने होईपर्यंत नवं स्टडी परमिट दिलं जात नाही.

फुलटाइम म्हणजे किती विषय, हे सरकार सांगत नाही, संस्था ठरवते. एका ठिकाणी तीन विषयांना फुलटाइम धरतील, शेजारच्या कॉलेजात तेवढ्यावर भागणार नाही. म्हणून मैत्रिणीचा अनुभव इथे कामाचा नाही. आपल्या कॉलेजच्या रजिस्ट्रारचं लेखी उत्तर कामाचं.

यापुढचा भाग सावकाश वाचा, कारण बरीचशी मुलं इथेच अडकतात. कॅनडाला जाणाऱ्या बहुतेक घरांचा डोळा डिप्लोमावर नसतो, डिप्लोमानंतरच्या वर्क परमिटवर असतो. पोस्ट ग्रॅज्युएशन वर्क परमिट, मुलांच्या तोंडी ‘पीजीडब्ल्यूपी’. ते आयुष्यात एकदाच मिळतं. त्यासाठी कोर्स किमान आठ महिन्यांचा हवा, आणि शिक्षणाच्या प्रत्येक सत्रात विद्यार्थी फुलटाइम असावा लागतो. या नियमाला मोठा अपवाद शेवटच्या सत्राचा. डिप्लोमा पुरा व्हायला एखाद-दोनच विषय उरले असतील, तर त्या सत्रात पार्टटाइम चालतं. आधीची सगळी सत्रं फुलटाइम असतील, तर त्या काळात नोकरीही चालू ठेवता येते.

आता दोन मुलं समोर आणा. पहिली एका विषयात नापास झाली, तो विषय पुढच्या सत्रात एकटाच घेतला आणि डिप्लोमा संपवला. तिचं ते शेवटचं सत्र, म्हणून पार्टटाइम माफ. दुसरा हुशार, पण दुसऱ्या टर्मला गणित जड गेलं म्हणून मार्क बिघडू नयेत या विचाराने त्याने मध्यावर दोन विषय सोडले आणि तेवढ्याने तो फुलटाइमच्या रेषेखाली आला. पुढे सगळे विषय चांगल्या गुणांनी काढले. कागदावर मात्र मधलं एक सत्र पार्टटाइम राहिलं, आणि त्याचा पीजीडब्ल्यूपी नाकारला जाऊ शकतो. नापास झालेली सुटते आणि शहाणपणाने विषय सोडणारा अडकतो. मला हा नियम न्याय्य वाटत नाही. पण अर्ज तपासणारा अधिकारी गुणपत्रिकेतले सत्रवार विषय मोजतो, कारणं नंतर विचारतो.

आजारपण आलं किंवा घरी काही झालं, तर विषय सोडण्यापेक्षा कॉलेजची मंजूर रजा घेणं बरं. १५० दिवसांपर्यंतच्या अशा रजेत अभ्यास चालूच आहे असं धरतात. रजेत काम मात्र करता येत नाही.

मग पार्टटाइम अभ्यास कुणाच्या कामाचा? कॅल्गरीत नवरा नोकरीला आहे, बायकोकडे स्वतःचं ओपन वर्क परमिट आहे आणि तिला संध्याकाळचा कोर्स करायचा आहे, अशा घराचा. तिचा कामाचा हक्क वर्क परमिटावर उभा आहे, विषयांच्या संख्येवर नाही. तिने एवढंच लक्षात ठेवायचं, की कोर्स सहा महिन्यांहून लांब असेल तर स्टडी परमिट वेगळं काढावं लागतं.

इतर देश याबाबत आणखी कडक आहेत. अमेरिकेत एफ-१ व्हिसावर पदवीच्या विद्यार्थ्याला सत्राला साधारण १२ क्रेडिट घ्यावीच लागतात. पार्टटाइमची मोकळीक आहे ती सीमेपलीकडून, कॅनडा-मेक्सिकोतून, रोज ये-जा करणाऱ्यांना. ब्रिटनमध्ये पदव्युत्तर पातळीवर पार्टटाइमसाठी विद्यार्थी व्हिसा मिळतो, पण त्यावर नोकरीला सरळ बंदी आहे.

नाशिकच्या वाचकांना आता उत्तर. मुलीला पहिल्या टर्मला पूर्ण विषय घेऊ द्या. विषय सोडण्याची शेवटची तारीख तिने फोनमध्ये नोंदवून ठेवावी, आणि त्या तारखेआधी काही सोडायचं झालंच तर कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसला ‘यानंतर मी फुलटाइम राहते का?’ असा मेल टाकून उत्तर जपून ठेवावं. राहिला तुमचा कन्सल्टंट. पैसे घेऊन कॅनडाच्या इमिग्रेशनचा सल्ला द्यायला तिथल्या कायद्याने परवाना लागतो, आणि परवानाधारक सल्लागारांची यादी कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स या नियामक संस्थेकडे कुणालाही पाहता येते. पुढचा हप्ता देण्याआधी त्यात त्याचं नाव शोधा.