भीती हळूहळू जाते

पोर पाण्याला भिते. कोणी तरी म्हणतो, "द्या ढकलून विहिरीत! आपोआप शिकेल." पोराला ढकलतात. ते नाकातोंडात पाणी जाऊन घाबरते. पुन्हा विहिरीकडे फिरकत नाही. मग भीती घालवायची तरी कशी?

अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स नावाच्या बाई होत्या. मुलांच्या मनाचा त्या अभ्यास करीत. त्यांच्याकडे पीटर नावाचा मुलगा होता. तो पुरता तीन वर्षांचाही नव्हता. सशाला तो फार भिई. नुसता कापूस पाहिला तरी घाबरे.

बाईंनी आधी नीट पाहिले. ससा किती दूर असला म्हणजे मूल रडते? किती जवळ आला तरी चालते? जे दिसले ते लिहून ठेवले. शास्त्राची रीत हीच. मनचे सांगायचे नाही. पाहायचे, लिहायचे, मग बोलायचे.

सशाला न भिणाऱ्या मुलांबरोबर पीटरला खेळू दिले. भीती कमी होऊ लागली. इतक्यात तो आजारी पडला. इस्पितळातून परत येताना एक मोठा कुत्रा अंगावर धावून आला. झाले! भीती पुन्हा आली.

बाई खचल्या नाहीत. पीटरला त्याच्या आवडीचे खायला दिले. तो खात असताना पिंजऱ्यातला ससा लांब ठेवला. पोराचे खाणे थांबणार नाही, इतकाच जवळ आणला. असे करता करता ससा अगदी जवळ आला. शेवटी पीटर आपण होऊन त्याला कुरवाळू लागला.

असे का झाले? खाण्याचा आनंद आणि भीती एकत्र नांदत नाहीत. पण घाई केली तर उलटे होते. खाऊचीच भीती बसते. हा धोकाही बाईंनी सांगून ठेवला.

हे त्यांनी १९२४ साली छापले. पण एका मुलावरून सगळ्यांचे ठरत नाही. पुढे इतरांनीही पडताळा घेतला. डॉक्टर जोसेफ वोल्पे यांनी मोठ्या माणसांसाठी पायरीपायरीची रीत बसवली. त्यांचे पुस्तक १९५८ साली निघाले. आजही डॉक्टर अशा रीतीने भीतीवर इलाज करतात.

तेव्हा आपण काय करावे? पोराला ओढ्याकाठी जवळ घेऊन बसावे. आज पाय बुडू द्यावेत. भीती मोडली, की मग घोटाभर पाण्यात उभे करावे. हात सोडू नये. हसू नये. भित्र्या पोराला "भित्रा" म्हणून भीती जात नाही. धीर दिला, की जाते.