मुळा-मुठेचा मासा, कावेरीत उपरा

पुण्याच्या पूर्वेला आठ मैलांवर, मुळा-मुठेत मिळालेल्या एका माशाचे विल्यम हेन्री साईक्स या लष्करी अधिकाऱ्याने १८३९ मध्ये शास्त्रीय बारसे केले: ‘बार्बस खुद्री’. मुंबई सरकारसाठी दख्खनची पाहणी करताना त्याने इथले मासे नोंदवले आणि लोकांच्या तोंडची नावे शास्त्रात नेली. पुढे वर्गीकरण बदलले आणि हा मासा ‘टोर’ प्रजातीत गेला. आज तो ‘टोर खुद्री’, म्हणजे दख्खनचा निळ्या परांचा महसीर.

मोठे खवले, तोंडापाशी मिशांच्या दोन जोड्या, भक्कम बांधा. त्याला खडकाळ तळाचे, वाहते, प्राणवायूने भरलेले पाणी लागते. पावसाळ्यात तो प्रवाहाविरुद्ध चढतो आणि गोट्या-वाळूत अंडी घालतो. धरणांनी ही वाट अडवली, सुरुंगांनी डोह उजाड केले, शहरांच्या सांडपाण्याने उरलेसुरले पाणी नासवले.

सत्तरच्या दशकात मदत आली ती लोणावळ्यातून. टाटांच्या वीज कंपनीने तिथे महसीरची पैदास सुरू केली. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी कृत्रिम प्रजननाची पद्धत बसवली. फलित अंडी ओल्या कापसात ठेवून विमानाने पाठवता येतात, हे त्यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केले. जगायला नदीभर पाणी लागणारा मासा आता डब्यातून देशभर जाऊ लागला.

तो कावेरीतही पोहोचला. गळाला मोठा मासा लागावा, नदी पुन्हा भरावी, हा हेतू चांगलाच होता. पण मुळा-मुठेचे पाणी भीमेतून कृष्णेला मिळते. कावेरीचे खोरे वेगळे आणि तिचा स्वतःचा महसीर वेगळा: पाठीला उंचवटा असलेला, नारिंगी परांचा. १९९८ ते २०१२ या काळातल्या गळ-मासेमारीच्या नोंदी तपासल्या, तेव्हा निळ्या परांचा पाहुणा वाढत गेलेला आणि मूळचा मासा घटत गेलेला दिसला.

त्या मूळच्या माशाला तोवर धड शास्त्रीय ओळखही नव्हती. अनेक वर्षे त्याला साईक्सचेच दुसरे नाव, ‘मुसुल्ला’, चिकटवले जात होते. ते नाव मुळात शिरूरच्या घोड नदीतल्या एका निराळ्याच माशाचे. कावेरीतला मासा म्हणजे केरळच्या पांबार नदीतून नोंदवलेला ‘टोर रेमादेवी’, हे २०१८ मध्ये सिद्ध झाले. त्याच वर्षी जागतिक लाल यादीने त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ ठरवले. एकेकाळी संकटग्रस्त मानला गेलेला खुद्री मात्र आता त्या यादीत ‘कमी चिंतेचा’ आहे.

लोणावळ्याचे काम त्यामुळे कमी मोलाचे ठरत नाही. चूक झाली ती नदी न पाहता मासा सोडण्यात. देशी मासाही परक्या खोऱ्यात उपराच ठरतो. बोटुकली सोडण्याआधी प्रत्येक खोऱ्यातली मूळची जात तपासणे मत्स्यविभागांनी सक्तीचे करायला हवे. आणि पुण्यापुरते बोलायचे, तर खुद्रीला जगता येईल असे पाणी आधी मुळा-मुठेत वाहायला हवे.