चारित्र्य पडताळणी आणि खिशातली पुडी

पोलीस भरती जाहीर झाली की जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगावची मुलं पहाटे धावायला बाहेर पडतात. आपल्या मोहल्ल्यातलीही असतात, फज्रची नमाज आटोपून थेट मैदानावर. दुधाची, बुटांची, क्लासच्या फीची काळजी आपण करतो. निवड झाल्यावर हातात येणाऱ्या एका कागदाची मात्र करत नाही. तो कागद म्हणजे साक्षांकन नमुना.

कधी अटक झाली होती का, खटला चालला का, दंड किंवा शिक्षा झाली का, काही प्रकरण प्रलंबित आहे का, हे त्यात विचारलेलं असतं. मग पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी होते. आखाती देशात जाणाऱ्याला लागणारा पोलीस दाखलाही याच वाटेने येतो.

अमेरिकेत गोपनीय कामाच्या नोकरीसाठी नशा केली का, असं थेट विचारतात. आपल्याकडे प्रश्न गुन्ह्याचा असतो. पण अमली पदार्थांच्या 1985 च्या कायद्यात नुसतं सेवन हाही गुन्हाच आहे. कलम 27 प्रमाणे गांजासाठी 6 महिन्यांपर्यंत कैद, 10 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही; हेरॉइन, कोकेनसाठी कैद 1 वर्षापर्यंत. ‘दोस्तांबरोबर एकदाच’ हे उत्तर त्या कागदावर चालत नाही.

दारू हराम, हे आपल्या मुलांना लहानपणापासून ठाऊक असतं. गांजा, गोळ्या, एमडी यांना ती त्यात धरत नाहीत, आणि आपणही कधी बसून सांगितलेलं नसतं. एमडी काही फक्त मुंबईची गोष्ट नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये आपल्याच जिल्ह्यात, कुरकुंभच्या कारखान्यात पोलिसांना शेकडो किलो सापडलं.

गुन्हा दाखल झालाच, तर घरातले वडीलधारे म्हणतात, “लिहू नकोस, कोणाला कळतंय?” हा सल्ला सर्वांत घातक. माहिती दडवणं हेच अपात्रतेचं कारण ठरू शकतं, असा इशारा त्या नमुन्यावरच असतो. अवतार सिंग प्रकरणात 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने हा विषय सविस्तर हाताळला. किरकोळ प्रकरण असेल तर दडवलेलंही माफ करण्याची मुभा नेमणूक करणाऱ्याला आहे. पण सगळं खरं सांगितलं तरी नोकरी द्यावीच लागेल, असं नाही. निर्दोष सुटला असला तरी विचारलेलं लिहावंच. लिहिण्याआधी वकिलाला दाखवावं.

मुलगा त्या वेळी 18 वर्षांखालचा असेल तर गोष्ट वेगळी. बाल न्याय कायद्याच्या कलम 24 नुसार, गंभीर गुन्ह्यांचे काही अपवाद सोडता, ते प्रकरण पुढे अपात्रतेचं कारण होत नाही.

आणि सवय लागलेलीच असेल तर? बदनामीच्या भीतीने आपण मुलाला मामाकडे पाठवतो, लग्न लावून देतो. त्यापेक्षा कलम 64-अ वाचावं: सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घेऊन ते पूर्ण करत असेल, तर त्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर मात्र ही सवलत जाऊ शकते. पुण्यात येरवड्याला डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये सुरू केलेलं मुक्तांगण आहे. सरकारी मदतक्रमांक 14446. फोनला पैसे पडत नाहीत.