रोज व्हिटॅमिनची गोळी घेतल्याने खरंच फरक पडतो का?

‘डॉक्टर, हल्ली फार थकवा येतो, एखादी ताकदीची गोळी लिहून द्या.’ दवाखान्यात ही मागणी जवळजवळ रोज होते. काही जण तर मेडिकलमधून मल्टिव्हिटॅमिनची पट्टी आणून महिनोन्‌महिने घेत असतात आणि ‘याने नुकसान तर काही नाही ना?’ एवढेच विचारतात.

थोडक्यात उत्तर असे: शरीरात एखादे जीवनसत्त्व खरोखर कमी असेल, तर तेच जीवनसत्त्व योग्य डोसमध्ये घेतल्याने मोठा फरक पडतो. कमतरता नसेल, तर रोजच्या गोळीने ताकद वाढत नाही. आणि थकव्याचे कारण वेगळेच असेल, तर गोळीच्या भरवशावर राहिल्याने खरा आजार उशिरा सापडतो.

जीवनसत्त्वे शरीरात काय करतात?

जीवनसत्त्वांतून ऊर्जा मिळत नाही. ऊर्जा मिळते ती भाकरी, भात, डाळ, तेल, दूध अशा अन्नातून. त्या अन्नाचा वापर करणे, रक्त तयार करणे, नसा आणि हाडे निरोगी ठेवणे या कामांसाठी जीवनसत्त्वे लागतात, तीही अगदी थोड्या प्रमाणात. भाजीत मीठ कमी पडले तर चिमूटभर मिठाने चव येते. मीठ पुरेसे असताना आणखी घातले तर भाजी बिघडते. जीवनसत्त्वांचेही तसेच आहे.

बी गटातील जीवनसत्त्वे आणि सी पाण्यात विरघळतात. गरजेपेक्षा जास्त घेतली तर ती बरीचशी लघवीवाटे बाहेर पडतात. मल्टिव्हिटॅमिन घेतल्यावर लघवी गडद पिवळी होते ती यातील बी-२ मुळे. याउलट ए, डी, ई आणि के ही जीवनसत्त्वे चरबीत विरघळतात. त्यांतील ए आणि डी जास्त घेतल्यास शरीरात साठून त्रास देऊ शकतात.

मोठ्या अभ्यासांत काय दिसले?

अमेरिकेत ५० वर्षांवरील १४ हजारांहून अधिक पुरुष डॉक्टरांना दोन गटांत विभागून सुमारे ११ वर्षे रोज मल्टिव्हिटॅमिन किंवा तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी देण्यात आली. २०१२ मध्ये निष्कर्ष आले. हार्ट अटॅक आणि पक्षाघात यांच्या प्रमाणात फरक पडला नाही. कर्करोगाचे प्रमाण थोडेसे, सुमारे ८ टक्क्यांनी, कमी दिसले.

दुसऱ्या एका अमेरिकन अभ्यासात जवळपास २६ हजार जणांपैकी निम्म्यांना रोज २,००० युनिट व्हिटॅमिन डी पाच वर्षांहून अधिक काळ दिले गेले. कर्करोग होण्याचे किंवा हृदयविकाराचे प्रमाण त्यामुळे कमी झाले नाही.

फिनलंडमधील अभ्यास तर डोळे उघडणारा होता. तेथे धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा कॅरोटीन, म्हणजे ज्यापासून शरीर व्हिटॅमिन ए बनवते तो घटक, गोळीतून दिला. १९९४ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार, ही गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी जास्त आढळला. गाजर खाणे चांगले आहे, पण गाजरातला एकच घटक वेगळा काढून मोठ्या डोसमध्ये घेणे ही निराळी गोष्ट आहे.

सर्दीसाठी व्हिटॅमिन सी? रोज घेणाऱ्या सर्वसाधारण माणसांना सर्दी होण्याचे प्रमाण कमी होत नाही. झालेली सर्दी जेमतेम अर्धा दिवस लवकर बरी होते, इतकाच फायदा.

मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. या अभ्यासांतील बहुतेक लोकांत मुळात मोठी कमतरता नव्हती. आपल्याकडे चित्र वेगळे आहे.

गोळीची खरी गरज कोणाला असते?

*शाकाहारी व्यक्ती: बी-१२.* पुण्यातील केईएम रुग्णालयाच्या संशोधकांनी ग्रामीण, वस्तीतील आणि शहरी मध्यमवर्गीय पुरुषांची तपासणी केली होती. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश जणांत बी-१२ कमी आढळले. हे जीवनसत्त्व मांस, मासे, अंडी आणि दूध-दही यांतूनच मिळते. पालेभाज्या, कडधान्ये, सुका मेवा यांत ते नसते. चहापुरते दूध घेणाऱ्याला ते पुरत नाही. यकृतात त्याचा काही वर्षे पुरेल इतका साठा असल्याने कमतरता हळूहळू, नकळत वाढते. हातापायांना मुंग्या, तळपाय बधिर होणे, चालताना तोल जाणे, जीभ लाल होऊन जळजळणे, विसरभोळेपणा ही त्याची लक्षणे असू शकतात. उपचारास फार उशीर झाला तर नसांचे नुकसान पूर्ण भरून येत नाही.

*काही औषधे घेणारे.* मधुमेहासाठी मेटफॉर्मिन अनेक वर्षे चालू असेल किंवा पित्तासाठी पॅन्टोप्रॅझोल, ओमेप्रॅझोलसारख्या गोळ्या दीर्घकाळ चालू असतील, तर बी-१२ नीट शोषले जात नाही. पाय बधिर झाले की ‘शुगरमुळेच असेल’ असे घरीच ठरवू नका. कारण बी-१२ असेल, तर त्यावर उपचार आहे.

*उन्हात न जाणारे: व्हिटॅमिन डी.* आपल्याकडे ऊन भरपूर असूनही ही कमतरता सर्रास दिसते. दिवसभर घरात किंवा ऑफिसात असणारे, अंग पूर्ण झाकणारे, अंथरुणाला खिळलेले वृद्ध यांना धोका जास्त. काचेतून आलेल्या उन्हाचा यासाठी उपयोग होत नाही. हाडे दुखणे, जिना चढताना किंवा खाली बसून उठताना मांड्यांत जोर न राहणे, ही लक्षणे असल्यास डॉक्टरांना सांगा.

*गर्भधारणेचा विचार करणाऱ्या स्त्रिया: फॉलिक ॲसिड.* बाळाच्या मेंदूचा आणि मणक्याचा पाया गर्भ राहिल्यापासून पहिल्या चार आठवड्यांतच घातला जातो. तेव्हा अनेकींना दिवस राहिल्याचे कळलेलेही नसते. म्हणून ही गोळी किमान एक महिना आधीपासून सुरू करायची असते. पुढे गरोदरपणात सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लोह व फॉलिक ॲसिडच्या गोळ्या न चुकता घ्या.

*लहान मुले.* जन्मल्यावर दिले जाणारे व्हिटॅमिन के चे इंजेक्शन, डॉक्टरांनी सांगितलेले व्हिटॅमिन डी चे थेंब आणि नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंतचे व्हिटॅमिन ए चे डोस चुकवू नका.

पोटाची किंवा आतड्याची शस्त्रक्रिया झालेले, आतड्याचा जुना आजार असलेले, दारूचे व्यसन असलेले आणि टीबीची औषधे घेणारे यांनाही विशिष्ट जीवनसत्त्वे द्यावी लागतात. ती कोणती, हे डॉक्टर सांगतील.

थकवा म्हणजे व्हिटॅमिनचीच कमतरता नव्हे

थकव्याची कारणे अनेक आहेत: रक्तातले लोह कमी होणे, थायरॉईड, मधुमेह, अपुरी झोप, मूत्रपिंडाचे आजार, टीबी, नैराश्य. यांपैकी कोणतेही कारण मल्टिव्हिटॅमिनने बरे होत नाही.

विशेषतः घरातील स्त्रियांबाबत ही चूक होते. पाळीत रक्तस्राव जास्त जातो, हिमोग्लोबिन घसरत जाते, आणि घरचे प्रेमाने ‘शक्तीची’ बाटली आणून देतात. ज्येष्ठांच्या बाबतीत शौचावाटे होणारा रक्तस्राव असाच दुर्लक्षित राहतो. म्हणून थकव्यासोबत पुढीलपैकी काहीही असेल तर गोळी घेऊन वाट पाहू नका, तपासून घ्या:

- कारण नसताना वजन कमी होणे
- दोन आठवड्यांहून अधिक ताप किंवा खोकला
- चालताना धाप लागणे, पायांवर सूज
- काळी शी किंवा शौचातून रक्त, पाळीत जास्त रक्तस्राव
- वारंवार लघवी आणि खूप तहान
- कशातच मन न लागणे, जगणे नकोसे वाटणे

छातीत दुखत असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर लगेच रुग्णालय गाठा.

‘नुकसान तर नाही ना?’

होऊ शकते. व्हिटॅमिन डी चे ६०,००० युनिटचे सॅशे किंवा कॅप्सूल बहुधा *आठवड्यातून एकदा*, तेही ठरावीक आठवड्यांसाठी दिलेले असते. ते चुकून रोज घेतले किंवा कोर्स संपल्यावरही मनाने चालू ठेवले, तर रक्तातले कॅल्शियम वाढू शकते. मग उलट्या, बद्धकोष्ठता, खूप तहान, गोंधळल्यासारखे होणे असे त्रास होतात आणि मूत्रपिंडांना इजा होते. कॅलेंडरवर वार लिहून ठेवा.

इतरही काही गोष्टी सांभाळा:

- बी-१२ कमी असताना नुसते फॉलिक ॲसिड घेतले, तर रक्ताचा रिपोर्ट सुधारलेला दिसतो, पण नसांचे नुकसान चालूच राहते.
- व्हिटॅमिन ए जास्त डोसमध्ये घेतल्यास गर्भाला धोका असतो.
- बी-६ मोठ्या डोसमध्ये अनेक महिने घेतल्यास नसांनाच इजा होऊ शकते.
- रक्त पातळ करणारी वॉरफेरिन किंवा ॲसिट्रॉम चालू असेल, तर व्हिटॅमिन के असलेली गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.
- केसांसाठी बायोटिन घेत असाल, तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना आणि लॅबला सांगा. त्यामुळे थायरॉईडचे रिपोर्ट चुकीचे येऊ शकतात.

तपासणी आणि आहार

सर्वांनीच सगळ्या व्हिटॅमिनच्या तपासण्या करण्याची गरज नाही. लक्षणे असतील किंवा तुम्ही वर सांगितलेल्या गटांत असाल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने बी-१२, डी आणि हिमोग्लोबिन पाहावे. शक्यतो गोळी सुरू करण्याआधी तपासणी करा. गोळ्या चालू असताना पातळी वाढलेली दिसते आणि मूळ कमतरता कळत नाही.

कमतरता नसेल, तर ते पैसे स्वयंपाकघरात वापरा. एका मध्यम पेरूतून दिवसभराचे व्हिटॅमिन सी मिळून वर उरते. मेथी, चवळी, शेपू, राजगिरा अशा पालेभाज्या, मोडाची कडधान्ये, शेंगदाणे, वाटीभर दही, आणि चालत असेल तर अंडी व मासे, एवढे ताटात आलटूनपालटून असले तर बहुतेक जीवनसत्त्वे मिळतात. अन्नातून पुरेसे मिळणे अवघड असलेली दोनच: शाकाहारींना बी-१२ आणि उन्हात न जाणाऱ्यांना डी.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, सॅशे आणि टॉनिकच्या बाटल्या पिशवीत घालून न्या. प्रत्येकीसाठी विचारा: ही कशासाठी, किती दिवस, आणि कधी थांबवायची? मात्र बीपी, शुगर, थायरॉईडसारखी नेहमीची औषधे विचारल्याशिवाय स्वतःहून बंद करू नका.