सरासरीचा फोटो काढताना

वर्तमानपत्राच्या डेस्कवर संध्याकाळी एक प्रश्न हमखास येतो : बातमी लागली, फोटो कुठाय? अपघात, उद्घाटन, मोर्चा यांच्या बाबतीत त्याचं उत्तर तयार असतं. हवामान बदलाच्या बातमीला मात्र दर वेळी अडायला होतं. एखादा अहवाल आला, तापमानाचा उच्चांक मोडला, पावसाचे दिवस कमी झाले, तर दाखवायचं काय? मग संग्रहातून बर्फाच्या तुकड्यावरचं अस्वल बाहेर येतं, नाहीतर भेगाळलेली जमीन. खाली कंसात ‘संग्रहित छायाचित्र’ असं टाकलं की पान सुटतं.

ही अडचण आळसाची नाही, मुळातली आहे. हवामानाची सरासरी काढायची तर जागतिक हवामान संघटना तीस वर्षांचा काळ धरते. कॅमेऱ्याचं शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागात उघडून मिटतं. २०२४ हे नोंदी सुरू झाल्यापासूनचं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं, औद्योगिकीकरणापूर्वीच्या सरासरीपेक्षा सुमारे १.५५ अंशांनी. या दीड अंशाचा फोटो कसा काढणार? ज्या वायूमुळे हे घडतं तो कार्बन डायऑक्साइडही रंगहीन. जगभरच्या छायाचित्रकारांनी आणि संपादकांनी यातून बऱ्याच वाटा शोधल्या, काही ठिकाणी ते फसलेही. तो सगळा प्रवास पाहिल्यावर मला एक गोष्ट पटली आहे : फोटो शोधण्याआधी बातमीतलं मुख्य वाक्य शोधावं. ते वाक्य कारण सांगतं, परिणाम सांगतं, की माणसांनी काढलेला मार्ग सांगतं? आपण तिन्हींसाठी एकाच कप्प्यातले फोटो वापरतो, परिणामांच्या. गफलत तिथेच होते.

अस्वलाची कारकीर्द

३ एप्रिल २००६ च्या ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर वितळत्या बर्फाच्या कडेला उभं ध्रुवीय अस्वल होतं. त्या सुमारास अस्वल हे हवामान बदलाचं जणू बोधचिन्हच बनलं. त्याचा फायदा झाला. विषय लोकांच्या नजरेत भरला. पण जिथे वाचकांपैकी कुणी जाणार नाही, अशा जागेचा प्रश्न म्हणूनच तो भरला.

पुढचा धडा जास्त कडू होता. २०१७ मध्ये पॉल निकलेन आणि क्रिस्टिना मिटरमायर यांच्या चमूने कॅनडाच्या उत्तरेकडे एका हाडं निघालेल्या अस्वलाचं चित्रीकरण केलं. ‘नॅशनल जिओग्राफिक’ने ते दाखवताना हवामान बदल असा दिसतो, अशा अर्थाची ओळ घातली. चित्रफीत जगभर फिरली. त्या एका अस्वलाची उपासमार बर्फ कमी झाल्यामुळेच होती, की ते म्हातारं किंवा आजारी होतं, हे मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं. पुढच्या वर्षी मासिकाने स्वतःच मान्य केलं की त्या ओळीत आपण फार पुढे गेलो. आर्क्टिकमधला बर्फ घटतो आहे, हे विधान शंभर टक्के खरं आहे. तरीही एका प्राण्याच्या अंगावर ते सगळं लादलं की विज्ञान नाकारणाऱ्यांच्या हाती आयतं कोलीत मिळतं.

भेगा आणि कवटी

भेगाळलेल्या जमिनीचं प्रकरण तर त्याहून जुनं. १९३६ मध्ये अमेरिकेत दुष्काळ होता आणि सरकारने छायाचित्रकारांना गावोगाव पाठवलं होतं. त्यांतल्या आर्थर रॉथस्टाइन यांना साउथ डकोटात गुराची एक कवटी सापडली. त्यांनी ती उचलून काही फुटांवरच्या तडकलेल्या जमिनीवर ठेवली आणि वेगवेगळ्या कोनांतून फोटो घेतले. ते वर्ष निवडणुकीचं. विरोधी सुरातल्या वर्तमानपत्रांनी कवटी हलवल्याचं हेरलं आणि सरकार दुष्काळ रचून दाखवत असल्याचा गिल्ला केला. दुष्काळ खरा होता, माणसं देशोधडीला लागत होती. चर्चा मात्र कवटीची झाली.

आपल्याकडच्या भेगांनाही हाच धोका आहे. तलावाचा गाळ उन्हाळ्यात तडकतो, तो चांगल्या पावसाच्या वर्षानंतरही. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांत पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो आणि मे महिन्यात बायाबापड्या विहिरीच्या तळाशी उतरून वाटी वाटी पाणी भरतात. तो फोटो अस्सल असतो, जीव हलवणारा असतो. पण त्यामागे पाणी अडवण्याच्या योजना, धरणांचं वाटप, रस्ते असं बरंच काही असतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. त्या रेल्वेचे फोटो देशभर झळकले. त्याच जिल्ह्यात उसाचे कारखाने होते, ती चौकट मात्र त्या फोटोत मावणारी नव्हती. रॉयटर्सचे अमित दवे यांनी २००३ मध्ये गुजरातेतल्या नटवरगढ इथे टिपलेलं दृश्य आठवा : प्रचंड विहीर आणि तिच्या काठावर चहूबाजूंनी दोऱ्या सोडून उभी गर्दी. तो फोटो स्थळ आणि साल गाळून कुठल्याही पाणीटंचाईला जोडला की तो खोटं बोलू लागतो, फोटो काढणाऱ्याचा काहीही दोष नसताना.

उन्हाची गंमत

उष्णतेच्या लाटेचे फोटो हा वेगळाच प्रकार. ब्रिटनच्या एक्सेटर विद्यापीठातल्या सॅफ्रन ओनील आणि सहकाऱ्यांनी २०१९ च्या लाटेवेळी ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्समधल्या बातम्यांचे फोटो तपासले. मजकुरात धोक्याचा इशारा आणि शेजारी कारंज्यात, समुद्रावर मजा करणारे लोक, असा विसंवाद त्यांना आढळला. ज्यांना उन्हाचा खरा धोका असतो ती माणसं फोटोंत जवळपास नव्हतीच.

आपलं मासलेवाईक फोटोदालन काढून पाहा. उसाच्या रसाचं गुऱ्हाळ, तोंडाला स्कार्फ गुंडाळून स्कूटीवरून जाणाऱ्या मुली, कालव्यात सूर मारणारी पोरं, प्राणिसंग्रहालयातल्या अस्वलाला दिलेली बर्फाची लादी. पावसाळ्यात याचीच जोडी म्हणजे मरीन ड्राइव्हच्या लाटेत भिजणारी जोडपी. यातलं काही खोटं नाही. पण ऊन कुणाला मारतं, हे यातून कळत नाही. अहमदाबादेत २१ मे २०१० रोजी पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाल्याचा अंदाज नंतरच्या अभ्यासात निघाला आणि २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेसाठी कृती आराखडा केला. खारघरला १६ एप्रिल २०२३ रोजी भर दुपारच्या उघड्यावरच्या समारंभानंतर उष्माघाताने माणसं दगावली. अशा बातमीचा फोटो मजूर नाक्यावर मिळतो, डांबर टाकणाऱ्या टोळीत मिळतो, उसाच्या फडात मिळतो, पत्र्याच्या खोलीत रात्री साडेअकराला उशाशी ओला टॉवेल घेऊन जागणाऱ्या घरात मिळतो. रात्र न निवणं हा शरीराला मोठा घात असतो. तरीही उष्णतेचे आपले जवळपास सगळे फोटो दुपारचे.

माणूस कुठे उभा आहे

ब्रिटनमधल्या ‘क्लायमेट आउटरीच’ या संस्थेने २०१६ मध्ये ‘क्लायमेट व्हिज्युअल्स’ हा प्रकल्प सुरू केला. त्याआधी ब्रिटन, जर्मनी आणि अमेरिकेतल्या लोकांना फोटो दाखवून त्यांच्या प्रतिक्रिया घेतल्या होत्या. निष्कर्ष कामाचे आहेत. पोझ दिलेल्या चेहऱ्यांवर लोक विश्वास ठेवत नाहीत, खऱ्या माणसांवर ठेवतात. निदर्शनांचे फोटो आधीच पटलेल्यांना भावतात, इतरांना दूर ढकलतात. भीषण परिणामांचा फोटो लक्ष वेधतो, पण सोबत करण्याजोगं काही नसेल तर हतबलता देतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘गार्डियन’ने अस्वलं कमी आणि माणसं जास्त दाखवण्याचं जाहीर केलं, त्यामागे हेच काम होतं.

माणूस दाखवायचा म्हणजे रडणारा दाखवायचा, असा मात्र नियम नाही. गिडियन मेंडेल यांनी २००७ पासून ‘ड्राउनिंग वर्ल्ड’ ही मालिका केली. निरनिराळ्या देशांतले पूरग्रस्त आपल्याच घरात, पाण्यात उभे राहून थेट कॅमेऱ्याकडे पाहतात. ना धावपळ, ना आक्रोश. ते आपल्याकडे पाहतात आणि आपल्याला मान वळवता येत नाही. पुढाऱ्यांच्या हेलिकॉप्टरमधून काढलेल्या पाहणीच्या फोटोत पूरग्रस्त ठिपक्याएवढे होतात. चित्रात मोठं कोण आणि छोटं कोण, हे अंतरावर ठरतं.

कधी पुढारीच अचूक चित्र रचतात. मालदीवच्या मंत्रिमंडळाने २००९ मध्ये पाण्याखाली बैठक घेतली. नोव्हेंबर २०२१ मध्ये तुवालूचे परराष्ट्रमंत्री सायमन कोफे यांनी ग्लासगोच्या परिषदेसाठीचं भाषण सूट-टाय घालून, गुडघाभर समुद्रात उभं राहून केलं. ही मांडणी होती आणि ती मांडणी असल्याचं सगळ्यांना दिसत होतं. म्हणून फसवणूक नव्हती.

आणि चौकटीबाहेर कोण राहिलं, हेही विचारावं लागतं. जानेवारी २०२० मध्ये दावोसला ग्रेटा थुनबर्गसह पाच तरुण कार्यकर्त्यांचा फोटो निघाला. असोसिएटेड प्रेसने तो कापून दिला, तेव्हा युगांडाची व्हनेसा नकाते बाहेर गेली. पाचांत गोरी नसलेली ती एकटीच होती. संस्थेने पुढे माफी मागितली. ज्या खंडाचा उत्सर्जनातला वाटा अगदी कमी, त्याचीच प्रतिनिधी कात्रीत सापडली, हे विसरण्यासारखं नाही.

काळ फोटोत आणायचा कसा

एका क्षणात तीस वर्षं मावत नसतील तर क्षण अनेक घ्यावेत, हा सरळ उपाय काहींनी चिकाटीने राबवला. जेम्स बेलॉग यांनी २००७ मध्ये ग्रीनलँड, आइसलँड, अलास्का इथल्या हिमनद्यांसमोर ठरावीक वेळाने आपोआप फोटो काढणारे कॅमेरे रोवले. २०१२ चा ‘चेसिंग आइस’ हा माहितीपट त्यातून झाला. गिर्यारोहक डेव्हिड ब्रीशियर्स यांनी जॉर्ज मॅलरी यांच्या १९२१ च्या एव्हरेस्ट मोहिमेतला रोंगबुक हिमनदीचा फोटो घेतला, ती जागा शोधली आणि २००७ मध्ये तिथूनच पुन्हा फोटो काढला. दोन्ही शेजारी ठेवले की बर्फाची पातळी किती खाली गेली, ते कुणाही वाचकाला सांगावं लागत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीमचं दक्षिण ल्होनाक सरोवर फुटलं, तेव्हा इस्रोने आधीची आणि नंतरची उपग्रहचित्रं दिली : सुमारे १६७ हेक्टरचं सरोवर ६० हेक्टरांवर आलं होतं.

कॅमेराच बाजूला ठेवणारे एड हॉकिन्स. रेडिंग विद्यापीठातल्या या शास्त्रज्ञाने २०१८ मध्ये दर वर्षाच्या तापमानाला एक रंगीत पट्टी दिली. निळ्यापासून लालपर्यंत, आकडा नाही, अक्षर नाही. आज ते पट्टे कपड्यांवरही दिसतात.

कारण आणि मार्ग

परिणामांच्या मानाने कारणांचे फोटो दुबळे असतात. धुरांड्याचा म्हणून छापलेला फोटो पुष्कळदा शीतन मनोऱ्याचा असतो आणि त्यातून निघते ती पाण्याची वाफ. मावळत्या सूर्यासमोर ती काळी दिसते, इतकंच. दिल्लीचं धुरकट आकाश आरोग्याचा भीषण प्रश्न आहे, पण ते धूलिकण; तापमानवाढीची बातमी त्यावर भागवू नये. कारण दाखवायचं तर त्याचा आवाका दाखवावा : कोळशाच्या वाघिणींची लांबच लांब रांग, द्रुतगती मार्गावर खोळंबलेल्या हजारो गाड्या, काचेच्या इमारतीला लटकलेले शेकडो एसी.

मार्गांच्या फोटोंत सौर पॅनेलांच्या माणूसविरहित रांगा भरपूर आहेत. त्यापेक्षा लडाखमध्ये सोनम वांगचुक यांनी उभारलेले बर्फाचे स्तूप पाहा. हिवाळ्यातलं पाणी उंच शंकूत गोठवून वसंतात शेताला द्यायचं; फोटोत अडचण, युक्ती आणि माणसं एकत्र येतात.

बनावट चित्रांचा धोका आता वाढला आहे. २०२४ च्या हेलीन चक्रीवादळानंतर होडीत पिल्लू घेऊन रडणाऱ्या मुलीचं चित्र फिरलं. ते यंत्राने बनवलेलं होतं. पण त्याआधीही पुराच्या रस्त्यावर पोहणारा शार्क २०११ पासून वेगवेगळ्या शहरांत ‘दिसत’ होताच. पडताळणीचे प्रश्न बदललेले नाहीत : कुणी, कुठे, कधी काढला?

आपल्या जिल्ह्यातलं काम

महाराष्ट्रातल्या छायाचित्रकाराला विषयांसाठी उत्तर ध्रुवावर जायची गरज नाही. नाशिकच्या द्राक्षबागांवर अवकाळीच्या धास्तीने घातलेलं प्लॅस्टिकचं आच्छादन, कोकणात मोहोर करपलेल्या हापूसखाली उभा बागायतदार, खाडीचं पाणी आत येऊ नये म्हणून घातलेले खारबंध, वादळाच्या इशाऱ्यामुळे बंदरात नांगरलेल्या होड्या, तालुक्याच्या कचेरीतलं पर्जन्यमापक, गारपिटीनंतर पंचनामा लिहिणारा तलाठी. पी. साईनाथ यांच्या ‘परी’ या संकेतस्थळाने शेतकरी, मेंढपाळ, मच्छीमार यांच्या तोंडून हवामानाच्या कहाण्या गोळा केल्या, त्यांतली बळकट चित्रं कामाच्या वेळची आहेत.

यातला प्रत्येक फोटो लागताना फोटोओळीला मात्र चोख काम करावं लागेल. एखाद्या घटनेमागे तापमानवाढीचा वाटा किती, हे सांगणारं शास्त्र आता आहे. २०२२ च्या मार्च-एप्रिलमधली भारत-पाकिस्तानातली उष्णता तापमानवाढीमुळे सुमारे तीसपट संभवनीय झाली, असं ‘वर्ल्ड वेदर ॲट्रिब्यूशन’ या गटाने मांडलं. असा आधार असेल तर ओळीत द्यावा. नसेल तर गाव, तारीख आणि माणूस काय करतो आहे, एवढं लिहून थांबावं. उरलेलं काम बातमीचं.

आणखी एक गोष्ट प्रत्येक आवृत्तीला आजपासून करता येईल. जिल्ह्यातल्या दहा जागा निवडाव्यात, उदाहरणार्थ एक धरणाचा काठ, एक बाग, एक बंदर, एक नाका, एक झोपडपट्टी. दर वर्षी त्याच आठवड्यात, त्याच कोनातून फोटो काढावेत, तारीख-वेळेसह जपावेत आणि छायाचित्रकार बदलला तरी यादी बदलू नये. पहिली पाच वर्षं त्यातून छापण्याजोगं फारसं निघणार नाही. संपादकाने तेवढा धीर धरायला हवा. पंधराव्या वर्षी मात्र त्या आवृत्तीकडे कुठल्याही जागतिक वृत्तसंस्थेकडे विकत मिळणार नाही असा संग्रह असेल, आणि तो आपल्या वाचकांच्या गावांचा असेल.