लाईट गेल्यावर लिनक्स सुरू होत नाही? एफएससीके चालवण्याआधी हे ऐका

वळवाचा पाऊस आला की लाईटचा लपंडाव सुरू होतो आणि यूपीएस नसलेला डेस्कटॉप धाडकन बंद पडतो. लाईट आल्यावर उबुंटूऐवजी काळी स्क्रीन दिसते. कंसात 'इनिटरामएफएस' असा शब्द, आणि वर इंग्रजीत सूचना, की अमुक पार्टिशनमध्ये गडबड आहे, एफएससीके स्वतः चालवा. इथे बरेच जण घाबरून पेनड्राइव्ह लावतात आणि सगळं पुन्हा इन्स्टॉल करतात. प्लीज, नका करू. डेटा बहुतेक वेळा जागेवरच असतो.

झालेलं काय असतं? लिनक्स प्रत्येक बदल लगेच डिस्कवर उतरवत नाही. तो आधी रॅममध्ये राहतो, कधीकधी 30 सेकंदांपर्यंत. त्यात लाईट गेली तर काम अर्धवट. म्हणून ईएक्सटी4 मध्ये जर्नल असतं. किराणा दुकानदार आधी कच्च्या वहीत टिपतो आणि मग पक्क्या वहीत उतरवतो, तसंच. पुढच्या वेळी मशीन सुरू होताना कच्ची वही वाचून राहिलेल्या नोंदी पूर्ण होतात, तुम्हाला पत्ताही लागत नाही. पण जर्नलमध्ये एरवी फक्त रचनेच्या नोंदी असतात: कुठली फाइल कुठे, किती मोठी. फाइलमधला मजकूर नाही. म्हणजे फाइलसिस्टिम ठणठणीत, तरी तुमचा शेवटचा परिच्छेद गायब, असं होऊ शकतं.

आता दुरुस्ती. एक नियम अगदी पक्का: माउंट असलेल्या पार्टिशनवर एफएससीकेने दुरुस्ती करायची नाही. कर्नलच्या मेमरीत डिस्कचं एक चित्र असतं, आणि एफएससीके त्याच्या पाठीमागे डिस्क बदलतं. मग दोघं एकमेकांचं लिखाण खोडतात, आणि जे शाबूत होतं तेही जातं. इनिटरामएफएसच्या स्क्रीनवर मुख्य पार्टिशन सहसा अजून माउंट झालेलं नसतं, म्हणून तिथे चालतं. एरवी लाइव्ह यूएसबीवरून करा.

त्याही आधी 'डीमेसेज' चालवा. (स्पेलिंगमध्ये डी-एमईएसजी, बरं का.) त्यात 'आय-ओ एरर'च्या ओळी दिसल्या तर दुखणं डिस्कचंच आहे. मरणाऱ्या डिस्कवर दुरुस्ती करू नका. 'डीडीरेस्क्यू'ने दुसऱ्या डिस्कवर कॉपी घ्या आणि काय ते प्रयोग कॉपीवर करा.

डिस्क ठीक असेल, तर एफएससीके, मग डॅश एन, मग सूचनेत दिसलेलं पार्टिशनचं नाव. डॅश एन म्हणजे नुसती तपासणी, बदल काही नाही. मग डॅश एनच्या जागी डॅश वाय, म्हणजे सगळ्या प्रश्नांना हो. काही जण म्हणतात, एकेक प्रश्न वाचून उत्तर द्या. खरं सांगू? 'आयनोड अमुकचा काउंट चुकलाय, दुरुस्त करू?' याला आपण विचार करून वेगळं काय सांगणार! फक्त डेटा अनमोल असेल तर आधी कॉपी घ्या. काम झालं की 'एक्झिट' टाइप करा.

एफएससीके 1 हा कोड देऊन संपलं तर चुका दुरुस्त झाल्या. 4 आला तर काही राहिल्यात, पुन्हा चालवा.

मशीन सुरू झालं की 'लॉस्ट अँड फाउंड' फोल्डर उघडा. सुडो लागेल. ज्यांचा पत्ता हरवला, त्या फाइल्स तिथे हॅश आणि आकड्याच्या नावाने पडलेल्या असतात. 'फाइल' ही कमांड आतला मजकूर बघून फोटो आहे की पीडीएफ ते सांगते.

फेडोरा वर्कस्टेशनवाल्यांनो, तुमच्याकडे बहुधा बीटीआरएफएस आहे. हे सगळं तिथे लागू नाही, आणि त्याचा 'रिपेअर' पर्याय तर आंधळेपणाने अजिबात वापरू नका.